३०० ओहमचा हेडफोन, पंचवटीचा पास आणि एकच छोटा अ‍ॅम्प: जमेल का?

खर्जवाली:

नमस्कार. थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मामाने नवा हेडफोन घेतला आणि जुना सेनहायझर एचडी ६५० (३०० ओहम अडथळ्याचा) माझ्या गळ्यात मारला. अगदी शब्दशः, कारण कानावरून उतरवला की तो गळ्यातच बसतो, एवढं त्याचं धूड. तोवर मी साध्या इअरफोनवर खूश होते. पहिल्या रात्री नुसता तानपुरा लावून बसले. जवारीचा झणकार वेगळा आणि तारेचा मूळ सूर वेगळा ऐकू येत होता. साडेअकराला आई डोकावून गेली, ही अंधारात नुसती का बसलीय म्हणून.

आता दुखणं. दर शनिवारी बाईंकडे गाणं शिकायला जाते. तालीम फोनवर रेकॉर्ड करते आणि घरी लॅपटॉपवर ऐकते. या हेडफोनवर ती ऐकायची तर लॅपटॉपचा आवाज शंभरावर नेला तरी बाई शेजारच्या खोलीत बसून गातायत असं वाटतं. बाकीची गाणी बऱ्यापैकी वाजतात. मग भावाचा छोटा ऑडिओ मिक्सर मध्ये घातला. आवाज भरपूर मिळाला, पण सोबत एक भुंगाही आला. सारखा ‘हुंऽऽ’. खोटं वाटेल, पण मी तो पेटीवर लावून बघितला. खर्जातल्या पांढरी पाचच्या केसभर वर आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे आठवड्यातले तीन दिवस माझे पंचवटी एक्सप्रेसमध्ये जातात. नाशिकरोड ते मुंबई, आणि संध्याकाळी परत. फोनला ईपी पिनचं, म्हणजे हेडफोनच्या साध्या बारीक पिनेचं भोकच नाही. तेव्हा घरी टेबलावर चालेल आणि पर्समध्येही मावेल असा एकच अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा डबा हवाय. बजेट १२,०००. दुकानात विचारलं तर “३०० ओहम म्हणजे अ‍ॅम्पशिवाय पर्यायच नाही मॅडम” म्हणत त्यांनी विटेएवढी वस्तू काढून काउंटरवर ठेवली. वर ‘१००० मिलिवॉट’ लिहिलेलं. मला त्यातलं काही कळत नाही. घ्यावी का?


पोह्यात_शेंगदाणे:

ब्लूटूथचा नॉइज कॅन्सलिंगवाला घ्या आणि विषय संपवा. हाकानाका.


खर्जवाली:

@पोह्यात_शेंगदाणे, मामाच्या हेडफोनचं काय करू, लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवू?


सोल्डरकाका:

ताई, वीट घेऊ नका. निदान आठ दिवस काहीच घेऊ नका. तुम्ही तीन वेगवेगळी दुखणी एका औषधाच्या दुकानात घेऊन गेलात आणि त्याने एकच बाटली दिली.

आधी तो हजार मिलिवॉटचा आकडा. तो बहुतेक वेळा ३२ ओहमच्या हेडफोनसाठी छापलेला असतो, आणि ते बारीक अक्षरात. ३२ ओहममध्ये १००० मिलिवॉट ढकलायला साडेपाच-पावणेसहा व्होल्ट लागतात. तेच व्होल्ट तुमच्या ३०० ओहमला दिले तर शक्ती उरते शंभरच्या आसपास. खोटं कोणी बोललेलं नाही, फक्त तुमच्या कामाचा आकडा सांगितलेला नाही. जास्त ओहमच्या हेडफोनला हवे असतात व्होल्ट. एचडी ६५० साठी कंपनीचाच आकडा आहे: १ व्होल्टला १०३ डेसिबल. व्होल्ट दुप्पट केले की ६ डेसिबल वाढतात. म्हणजे २ व्होल्टला १०९, ४ ला ११५. आणि २ व्होल्टला ३०० ओहममध्ये शक्ती किती खर्च होते? तेरा मिलिवॉट. हजार सोडा, पन्नासही लागत नाहीत.

आता तुम्ही घरी शांत खोलीत ऐकता तेव्हा सरासरी ७५च्या आसपास असाल. ख्याल ऐकणाऱ्याला वर १५-२० डेसिबलची मोकळी जागा लागते, कारण आलापीत मंद्रातला सा आणि नंतर तारसप्तकातली तान यांत तेवढा फरक पडतो. म्हणजे शिखरं ९५. त्याला लॅपटॉपचा एक व्होल्टसुद्धा पुरायला हवा. “बाकीची गाणी बऱ्यापैकी वाजतात” हे तुम्हीच लिहिलंय. याचा अर्थ अ‍ॅम्प कमी पडत नाहीये, रेकॉर्डिंग कमी पडतंय. त्यावर इथले जाणकार बोलतील, तो माझा प्रांत नाही.

भुंग्याबद्दल मात्र मला फार आनंद झाला. पन्नास वर्षांत कोणी मला बिघाड स्वरात सांगितला नव्हता. खर्जातली पांढरी पाच म्हणजे ९८ सायकल. आपल्याकडची वीज ५० सायकलची आणि तिची दुप्पट १००. केसभर वर, अगदी बरोबर! तुमचा भुंगा महावितरणच्या तारेतून आलाय, मिक्सर बिचारा निर्दोष आहे. असं करा: हेडफोन लावून बसा आणि लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा. भुंगा त्याच क्षणी मेला तर चोर सापडला. चार्जर तीन पिनांचा आहे का? असला तर तो थेट बोर्डात आहे की तिनाचे दोन करणाऱ्या त्या पांढऱ्या कन्व्हर्टरमधून? अर्थिंग नसलं की चार्जरमधला बारीकसा गळता करंट लॅपटॉपच्या अंगावर येतो. पत्र्याच्या कडेवरून हलकं बोट फिरवलं तर झिणझिण्या येतात, बघा. तोच करंट पिनेच्या वायरीतून वाट काढत मिक्सरमध्ये जातो.

राहता राहिली गाडी. तुमचा हेडफोन ओपन-बॅक आहे, मागून जाळीचा. कसाऱ्याच्या घाटात इंजिनाचा आणि बोगद्याचा सगळा आवाज आत, आणि तुमच्या बाईंची तालीम बाहेर. शेजारची पासवाली मावशी दुसऱ्या दिवशी भूप म्हणायला लागेल. गाडीत हा हेडफोन नेणं म्हणजे पावसात जाळीची छत्री. तिथे कानात घट्ट बसणारा, बाहेरचं तोडणारा इअरफोन हवा, आणि असा इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचा असतो, त्याला फोनच्या साध्या डोंगलचीही (चार्जिंगच्या भोकात लावून हेडफोन जोडायचा तुकडा) ताकद पुरते. उलट विटेला लावलात तर शांत जागी सूंऽऽ ऐकू येईल, आणि व्हॉल्यूमचं बटण जेमतेम आठ वाजायच्या काट्यावरून नऊच्या काट्यावर जाईपर्यंत कान फुटेल. स्वस्त पॉटला, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागच्या भागाला, सुरुवातीच्या त्या भागात डावा-उजवा सारखा वाजत नाही, म्हणजे बाई एकाच कानात गातील.

एकच डबा दोन्हीकडे चालू शकतो, पण एकच हेडफोन चालणार नाही. आधी ते ठरवा.


रात्रपाळी_डबिंग:

काकांनी चेंडू टाकलाच आहे तर.

खर्जवाली, तालमीची एक फाइल ऑडॅसिटीमध्ये उघडा (फुकट आहे) आणि चित्र बघा. पैजेवर सांगतो, सगळीकडे गवतासारखी बारीक रेघ असेल आणि मध्येच ताडाची झाडं. झाडं म्हणजे पेटी. फोन कुठे ठेवता? पेटीवर ना? शिकणारे सगळे तिथेच ठेवतात. समजा पेटी फोनपासून एक वीत आहे आणि बाई पाच विती लांब. अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल जातात, पाचपट झालं की १४. त्यात पेटी मुळात दणदणीत. शिवाय फोनचं रेकॉर्डिंग अ‍ॅप स्वतःची हुशारी करतं, पेटी वाजली की सगळ्याचाच आवाज खाली ओढतं. म्हणून पेटी थांबली की दोन सेकंदांनी बाई पुढे सरकल्यासारख्या वाटत असतील.

यावर नुसतं ‘अ‍ॅम्प्लिफाय’ करून उपयोग नाही, कारण झाडाचा शेंडा छताला टेकला की गवत वाढायचं थांबतं. आधी लिमिटर लावून शेंडे छाटा, मग सगळं वर उचला. मूळ फाइल तशीच ठेवा, प्रतीवर प्रयोग करा. आम्ही स्टुडिओत रात्रभर हेच करतो, फक्त त्याचे पैसे मिळतात.

आणि पुढच्या शनिवारी फोन पेटीवरून उचलून बाईंच्या समोर, जमिनीवर न ठेवता उशीवर किंवा वहीच्या गठ्ठ्यावर ठेवा. अ‍ॅपमध्ये ‘ऑटो गेन’ असं काही असेल तर बंद करा. हे केल्यावर १०-१२ डेसिबल फुकट मिळतील, म्हणजे व्होल्ट चौपट केल्याइतके.


पासहोल्डर_कल्याण:

गाडीचा अनुभव माझ्याकडून घ्या, कारण मी तो पैसे मोजून घेतलाय. वर्षभर फोनच्या चार्जिंगच्या भोकात डोंगल लटकवून प्रवास केला. फोन खिशात, डोंगल बाहेर, आणि कल्याणला उतरताना कुणाचं तरी कोपर. एके दिवशी डोंगलला काही झालं नाही, फोनचं भोक सैल झालं. दुरुस्ती डोंगलच्या चौपट पडली. डोंगल घेतलात तर वायर मऊ असलेला घ्या, काडीसारखा ताठ नको.

मी आता क्युडेलिक्स ५के वापरतो. काडेपेटीएवढा, मागे क्लिप. फोन बॅगेत, हा कुर्त्याला, मध्ये ब्लूटूथ. घरी यूएसबीने लॅपटॉपला लावला की तोच टेबलावरचा. साध्या भोकातून २ व्होल्ट देतो आणि २.५ मिमीच्या बॅलन्स्ड भोकातून (दोन्ही कानांच्या वायरी पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या) ४. म्हणजे काकांच्या हिशोबाने तुमच्या ६५०ला १०९ किंवा ११५. यात इक्वलायझर चांगला आहे, मी गाडीसाठी खालचा धडधडाट कापून एक सेटिंग ठेवलंय. एकच डबा हवा असेल तर माझं मत याला.

कसारा-इगतपुरीत नेटवर्क जातं हे तुम्हाला माहीतच असेल. आदल्या रात्रीच फाइल उतरवून ठेवा.


सोल्डरकाका:

@पासहोल्डर_कल्याण, व्होल्टचा हिशोब बरोबर. पण २.५ मिमीची पिन म्हणजे साबुदाणा. सोल्डर करताना चष्म्यावर चष्मा लावावा लागतो, आणि एचडी ६५० ची वायर दोन्ही कपांतून वेगळी निघते म्हणून बॅलन्स्ड करणं सोपं, असं म्हणत लोक नवी वायर घ्यायला लावतात. ताईंना २ व्होल्टमध्ये भागेल.

माझी खरी तक्रार बॅटरीची आहे. आत चिकटवलेली लिथियमची पुडी तीन-चार वर्षांत दमते, मग चांगला डबा कचऱ्यात. माझ्याकडे एक ओ२ आहे. हा अ‍ॅम्प २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय नावाच्या एका अनाम माणसाने आराखड्यासकट, मोजमापांसकट सगळ्यांसाठी उघडा करून ठेवला. ज्याला हवा त्याने बनवा. पुढच्याच वर्षी तो लिहायचा थांबला, कोण होता ते आजवर कळलेलं नाही. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, त्या दमल्या की बदला, झालं. माझा २०१३चा आहे, अजून एक कपॅसिटर बदललेला नाही. फक्त त्याला भिंतीतून जो अडॅप्टर लागतो तो एसी बाहेर देणारा लागतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत चार दुकानं फिरलो, चौघांनीही डीसीचा हातात ठेवला आणि “चालतो, काका” म्हणाले. नाही चालत. त्याला एकाच एसीतून धन आणि ऋण असे दोन पुरवठे काढायचे असतात. शेवटी एका जुन्या मोडेमचा अडॅप्टर रद्दीत सापडला.

त्याआधीही एक केला होता, सीमॉय. चू मॉय नावाच्या माणसाचा आराखडा, एक ओपीए२१३४ आयसी आणि एक बॅटरी, तिकडे लोक पुदिन्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवायचे. मी खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत बसवला. विमानतळावरच्या तपासणीत ती डबी निघाली: आत बॅटरी, वायरी, लाल दिवा. पुढची वीस मिनिटं मी एका गंभीर चेहऱ्याच्या जवानाला राग यमन ऐकवत होतो. त्याने दोन्ही कानांनी ऐकला, डबी परत दिली आणि म्हणाला, “पुढच्या वेळी चेक-इन बॅगेतही ठेवू नका, घरीच ठेवा.” म्हणून सांगतो, प्रवासाचा डबा कंपनीचा छाप असलेलाच बरा.


खर्जवाली:

काका, मी ऑफिसात बसून मोठ्याने हसले. साहेब बघतायत.

दोन शंका. चार्जर तीन पिनांचाच आहे, कन्व्हर्टर नाही, थेट एक्स्टेंशन बोर्डात. मग अर्थिंग असायला हवं ना? आणि झिणझिण्या येतात, हो! मला वाटायचं माझीच त्वचा कोरडी आहे. दुसरं म्हणजे, मिक्सरचाच हेडफोनचा पी-३८ (जाड पिनेचं भोक) वापरायचा झाला तर हेडफोनला काही धोका?


सोल्डरकाका:

तिसरं भोक दिसतंय म्हणजे मागे वायर जोडलेली आहे असं नाही. अर्ध्या महाराष्ट्रात ते भोक गणपतीच्या मखरासारखं नुसतं शोभेला असतं. स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा आणि समोर उभं राहून मीटर लावायला सांगा.

मिक्सरला धोका नाही. अशा मिक्सरच्या हेडफोन भोकाचा स्वतःचा अडथळा पुष्कळदा दहा ओहमच्या वर असतो. हेडफोन त्याच्या आठपट तरी असावा असा ठोकताळा आहे. तुमचा ३०० आहे, बिनधास्त लावा. तोच १६ ओहमचा इअरफोन तिथे लावू नका, त्याचा खर्ज-पंचम सगळा बदलून जाईल. आवाज आधी शून्यावर, मग पिन, मग हळूहळू वर. उलट क्रमाने कान जातो.


रात्रपाळी_डबिंग:

कानावरून आठवलं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे, त्याच्या वर गेलात की तास भराभर कमी होतात. गाडीत खडखडाटावर मात करायला आवाज वाढवतो तिथेच घोटाळा होतो. म्हणून इअरफोनची बुचं नीट मापाची निवडा. पाकिटात तीन मापं येतात, सगळे मधलंच लावून मोकळे होतात. मी गेली सहा वर्षं डाव्या कानात मोठं आणि उजव्यात मधलं लावतो.


खर्जवाली:

सतरा दिवसांनी परत आलेय, उशीर झाला, माफ करा. तुमच्याकडे मार्च असतो तसा आमच्याकडे सप्टेंबर असतो, टॅक्स ऑडिट.

चार्जर काढला, भुंगा गेला. लावला, आला. आई म्हणाली, काय खेळ लावलायस. वायरमनने बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर कापून, दुमडून, वर काळी टेप गुंडाळून आत ठेवलेली. कोणी आणि का, देव जाणे, आम्ही घर घेतलं तेव्हापासूनच असणार. ती जोडायला त्याने दीडशे रुपये घेतले आणि चहा. झिणझिण्या बंद. भुंगा बंद. मिक्सरवर अगदी बारीक सूं आहे, पण तानपुरा सुरू झाला की तो त्यात मिसळून जातो.

रात्रपाळी, तुमचं गवत आणि ताडाची झाडं बघून मला धक्का बसला. अगदी तसंच चित्र. जुन्या अकरा फाइलींवर लिमिटर लावला. शनिवारी फोन पेटीवरून काढून बाईंच्या समोर दोन वह्यांवर ठेवला. बाईंनी विचारलं, “हे काय नवीन?” मी म्हटलं, बाई, इतके दिवस मी माझी पेटीच रेकॉर्ड करत होते. त्या म्हणाल्या, “मला वाटलंच.” यावर काय बोलायचं!

गाडीसाठी कानात घट्ट बसणारे साधे इअरफोन घेतले आणि मऊ वायरीचा डोंगल. (डावीकडे मधलं बूच, उजवीकडे लहान. धन्यवाद.) पासहोल्डर दादा, तुमचा काडेपेटीवाला यादीत आहे, कारण भाऊ गणपतीसाठी मिक्सर नेणार म्हणत होता आणि आता तो नवरात्रापर्यंत परत देईल असं दिसत नाही. नेलाच आहे त्याने काल. काका, बॅटरीवरून ओरडू नका, ओ२ साठी मोडेमचा अडॅप्टर मी कुठून आणू?

मिक्सर जायच्या आदल्या रात्री शनिवारची तालीम ऐकत होते. बाई अवरोहात निषादावर थांबल्या तेव्हा मागे काहीतरी बारीक किणकिणलं. पुन्हा लावून पाहिलं. बांगड्या होत्या. निषाद कुठे ठेवायचा ते बाई हाताने दाखवत होत्या, आणि मी खाली मान घालून पेटी बघत बसले होते.


सोल्डरकाका:

अडॅप्टर माझ्याकडे दुसरा आहे. निरोप पाठवा.